बास्केटबॉलच्या ठिकाणदाराला गाऱ्हाणं

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, समुद्र शिशासारखा, आणि आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तरी घामाची धार. आमच्या पूर्णगडात असं मळभ आलं की माणूस आधी कलमांकडे बघतो आणि मग देवाकडे. मी मात्र त्या दिवशी कलमांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा जीव अडकला होता एका चेंडूत!

हसू नका. आधी ऐका तर खरं. या वयात माणसाने एवढा घोळ घालावा का, ते तुम्हीच मला सांगा.

माझी नात कस्तुरी. उंच म्हणजे किती उंच? आमच्या पडवीतून आत येताना तिला मान वाकवावी लागते. लहानपणी तिची आई म्हणायची, "आबा, हिला नवरा कुठून आणायचा?" पण पोरीने त्या उंचीचं सोनं केलं. बास्केटबॉल खेळायला लागली ती थेट एका मोठ्या संघात गेली. आता ही नोकरीच. खेळायचं, पगार घ्यायचा.

पण संघ कसला? फिरता भाडेकरूच तो!

पहिल्यांदा म्हणे मुंबईत होता, एका बांधकामवाल्याचा. तेव्हा नाव होतं विजांचं काहीतरी, आणि झंपर निळे. बांधकामवाल्याचं बिनसलं, संघ पुण्याला गेला. तिथे नाव बदललं, रंग हिरवा झाला. पुण्यात त्यांचे दिवस बरे होते बरं का! एकदा तर अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत गेले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. मग तिथला हॉल लग्नांना द्यायला लागले. पोरी सरावाला गेल्या तर आत मांडव! झालं, संघ कोल्हापुरात. आता नाव 'वाघिणी', रंग पिवळा. आणि कोल्हापुरात गेल्यापासून नुसता हार, हार आणि हार.

मी कस्तुरीला फोनवर विचारलं, "बाय माझे, इतकी बिऱ्हाडं बदललीत, पण नव्या जागी गेल्यावर ठिकाणदाराला नारळ दिलात का?"

"कुणाला, आबा?"

"ठिकाणदार गो! त्या जागेचा राखणा. त्याला न विचारता तुम्ही त्याच्या अंगणात उड्या मारता!"

ती हसली. पण मला कळून चुकलं होतं. घर बांधा, विहीर खणा, नाहीतर होडी पाण्यात लोटा, आधी जागेवाल्याला गाऱ्हाणं घालायला नको? तीन गावं बदलली आणि एकाही ठिकाणी नारळ नाही! मग जाळीत चेंडू पडेल कसा?

आणि आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान माझा. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही, पण गाऱ्हाणं माझंच. लोक म्हणतात, आबांचं गाऱ्हाणं खाली पडत नाही.

मग तिचा फोन आला. आवाज पडलेला. "आबा, मालकाने सांगितलंय. ही शेवटची मॅच हरलो तर आम्ही तळाला जाणार, आणि संघ बंद. तो नवं गाव बघत होता, तेसुद्धा जमलं नाही वाटतं. आणि ऐका, मॅच रत्नागिरीला आहे. याल ना?"

संघ बंद म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. संघ बंद झाला की पोर घरी. आणि पोर घरी आली की तिची आई, म्हणजे माझी सूनबाई, स्थळं घेऊन बसलेलीच. सूनबाईंनी त्या दिवशी सांगून टाकलं, "मी नाही येणार. तिथे बसून माझ्याच्याने बघवणार नाही." जिंकलेलं बघवणार नाही की हरलेलं, ते काही त्या बोलल्या नाहीत.

मी मात्र मनात जुळवलं. मालक नवं गाव बघत होता. आणि मॅच रत्नागिरीला! म्हणजे संघ कुठे आला? आमच्याकडे! पोरगी रत्नागिरीची, मैदान रत्नागिरीचं, मग संघ कुणाचा? आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता?

मला एक ठाऊक नव्हतं. या खेळात एक संघ दुसऱ्याच्या गावात पाहुणा म्हणून जाऊन खेळतो. आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला पाणी देतात, जेवायला बसवतात. त्याला हरवतात कुठे?

शेजारी इब्राहीमभाई. जन्म बोटीवर गेला, आता मासळीचा टेम्पो चालवतो. त्याला म्हटलं, टेम्पो धू. त्यात वाडीतली म्हातारी मंडळी भरली. राधाकाकू सगळ्यात पुढे, मांडीवर नारळ घेऊन. पावसच्या वळणावर मासळीचा वास इतका यायला लागला की राधाकाकूंनी नाकाला पदर लावला. "इब्राहीम, टेम्पो धुतलास की कालवणात बुडवलास?"

"काकू, वासाचं भाडं घेत नाही मी!"

सगळे हसले.

हॉलच्या दारात लाल टी-शर्टवाला एक तरुण धावपळ करत होता. गळ्यात शिट्टी. त्याने आमची वरात पाहिली, नारळ पाहिला. "आबा, तुम्ही कुठून?"

"पूर्णगडातून. आमच्या पोरीच्या संघाला गाऱ्हाणं घालायला आलो."

"रत्नागिरी रणरागिणींना? वा, आबा!"

रणरागिणी! मी मनात म्हटलं, घ्या, परत नाव बदललं! गाव बदललं की नाव बदलायचं, ही त्यांची रीतच. आणि रंग आता लाल दिसतोय. मला तर काही खटकलंच नाही.

त्याने आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल टोपी. राधाकाकूंच्या अंबाड्यावर ती बसेना, तरी त्यांनी दाबून बसवली. मग तो पोरगा म्हणतो, "आबा, गाऱ्हाणं माइकवर घालाल का? सगळ्या हॉलला ऐकू जाऊ दे!"

नको म्हणायचं होतं मला. मोतीबिंदूने समोरच्या पोरी म्हणजे नुसते रंगांचे ठिपके दिसत होते. पण माइक हातात आला, आणि माणसाच्या हातात माइक आला की त्याचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

नारळ समोर ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा ठिकाणदारा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" आमची वाडी ओरडली.

"आज तुझ्या अंगणात जी ही लेकरं खेळायला उतरली आहेत..."

"व्हय महाराजा!" आता निम्मा हॉल.

"त्यातली जी तुझी आहेत, रत्नागिरीची आहेत, लाल झंपरवाली आहेत, त्यांच्या हाताला यश दे! समोरची जी परकी आहेत, त्यांचा चेंडू जाळीच्या कडेवरनं परत फिरव!"

"व्हय महाराजा!!" छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

मी घाम पुसत खाली बसलो. असं गाऱ्हाणं मी जन्मात घातलं नव्हतं. समाधानाने विचारलं, "इब्राहीम, आपली कस्तुरी दिसते का रे? लालमध्ये कुठे आहे?"

इब्राहीमने मान पुढे काढून मैदान न्याहाळलं.

"आबा," तो म्हणाला, "ती पिवळ्यात आहे."

"पिवळ्यात कशी? पिवळा कोल्हापूरचा."

"ती कोल्हापूरचीच आहे, आबा. आणि इकडेच बघतेय. तोंड उघडं ठेवून बघतेय."

"मग लाल कोण?"

"लाल रत्नागिरी."

"मग मी आत्ता..."

"हां," इब्राहीम म्हणाला. "माइकवर."

काय सांगू, पायाखालची फरशी हलली! तेवढ्यात शिट्टी झाली आणि खेळ सुरू. पिवळ्या ठिपक्यांतला सगळ्यात उंच ठिपका उडाला आणि चेंडू जाळीत. राधाकाकू उभ्या राहून किंचाळल्या, "आमची कस्तुरी गो ती!"

शिट्टीवाला धावत आला. "काकू, ती त्यांची आहे!"

"त्यांची कशी मेल्या? माझ्या हातची घावनं खाऊन वाढली ती!"

"पण टोपी तर आमची घातलीत!"

"मग घे तुझी टोपी!" म्हणून काकू टोपी काढायला गेल्या, तर ती अंबाड्यात अडकली. शेवटपर्यंत निघाली नाही. डोक्यावर रत्नागिरी आणि तोंडात कोल्हापूर!

पण खरी पंचाईत माझी होती. बघा हं. माझं गाऱ्हाणं खरं ठरलं तर नात बुडणार. खोटं ठरलं तर मी बुडणार. उद्यापासून वाडीत माझ्या शब्दावर कुणी नारळही ठेवणार नाही. आणि घातलेलं गाऱ्हाणं काय, घातलेला सदरा आहे उलटा करून घालायला?

आणि ते खरं ठरायला लागलं हो! पिवळ्यांचा चेंडू कडेवर जायचा, दोनदा गिरकी घ्यायचा आणि बाहेर. अगदी मी सांगितलं होतं तस्सा! दर वेळी हॉल ओरडायचा, "व्हय महाराजा!" आणि मी टोपी डोळ्यांवर ओढायचो. मागचा एक माणूस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आबा, जबरदस्त आहे तुमचं!"

मध्यांतराला मी पंचा तोंडाशी धरला आणि हळूच सुरू केलं, "महाराजा, मघाशी मी जे बोललो, ते..."

आणि थांबलो. गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणावं लागतं. नाहीतर ते नुसतं पुटपुटणं. म्हणणार कोण? सगळा हॉल तर लालचा!

तेवढ्यात शेजारून अगदी बारीक आवाज आला. "व्हय महाराजा."

इब्राहीम! समोर बघत, मान न वळवता.

"अरे, तू?"

"कुणीतरी म्हणायला हवं ना. चला, आबा, लवकर, खेळ सुरू होईल."

मला बळ आलं. "महाराजा, माझ्या नातीला जिंकव. पण त्या लाल पोरी पण कुणाच्या तरी लेकीच. त्यांनाही हरवू नको."

इब्राहीम 'व्हय' म्हणेना.

"म्हण की रे!"

"आबा, या खेळात बरोबरी नसते. सारखे झाले तर अजून खेळायला लावतात. एकाला हरायलाच लागतं. महाराजाला नक्की काय ते सांगा, त्याचापण गोंधळ होतोय."

मी डोळे मिटले. "मग माझं मघाचं गाऱ्हाणं खाली पाड, महाराजा. वाडीत माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे. पोरीला खेळू दे."

"व्हय महाराजा," इब्राहीम म्हणाला. या वेळी जरा मोठ्याने.

नंतरचं मी बघितलंच नाही. डोळे मिटून बसलो होतो. बुटांची चरचर, शिट्ट्या, राधाकाकूंच्या शिव्या. शेवटी शेवटी हॉल इतका ओरडत होता की माझ्या दातांची कवळी हलली. आणि मग एकदम सगळं गप्प. पान पडलं तरी ऐकू यावं असं गप्प.

गेलं, मी म्हटलं. संघ गेला, पोरीची नोकरी गेली, आता सूनबाई स्थळं काढणार. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

पाठीत इब्राहीमचा धपाटा बसला. "आबा, रडताय काय? जिंकली ती! शेवटचा चेंडू तिनेच टाकला! कडेवर तीन गिरक्या घेतल्यान आणि आत!"

"मग हे गप्प का बसले?"

"ते हरले म्हणून!"

मी उठायच्या आत लाल संघाची कप्तान माझ्या पाया पडली. घामाने निथळत होती पोर, डोळे लाल. "आबा, तुम्ही एवढं गाऱ्हाणं घातलंत आणि आम्ही हरलो. माफ करा." आता हिला काय सांगू? 'बाळा, माफी मी मागायची, मी अर्ध्यावर महाराजाला फितवलं' असं सांगू? मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग कस्तुरी आली. हसते आहे की रडते आहे, कळेना. "आबा! माझ्याच विरुद्ध? माइकवर?"

"बाय माझे, मला वाटलं..."

"मला काय वाटलं, ठाऊक आहे? आईनेच तुम्हाला सांगितलं असेल! मी हरून घरी यावं म्हणून!" एवढं म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला इतकी वाकली, इतकी वाकली, की मला तिच्या पाठीचीच काळजी वाटायला लागली.

परत येताना मळभ विरलं होतं. टेम्पोत राधाकाकू टोपीसकट झोपल्या होत्या. संघ टिकला होता. पुढे कुठल्या गावात जाईल, ते त्या मालकालाच ठाऊक. मी इब्राहीमच्या शेजारी बसलो होतो. वाटलं, माणूस काहीतरी बरं बोलेल, धीर देईल. पूर्णगडचा उतार लागला. तेव्हा त्याने गाडी हळू केली आणि म्हणाला:

"आबा, पत्ता चुकीचा टाकलात, पण पोस्टमन ओळखीचा होता म्हणून टपाल घरी पोचलं. दर वेळी असं नाही व्हायचं. कस्तुरीच्या लग्नाचं गाऱ्हाणं तेवढं दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या. तुम्ही घातलंत, तर वरात माझ्या दारात येऊन उभी राहायची!"