म्हशीचा माग काढणाऱ्या दोघी

आमची सून उत्तरेकडची. मुलानं मुंबईत लग्न केलं आणि ही म्हणाली, मी गावाला अम्मांजवळ राहते, माझ्या माहेरीपण म्हशीच आहेत. आमचे हे म्हणाले, बघू, जमलं तर राहील, नायतर मुलगा घेऊन जाईल. तिला मराठी येत नव्हती, मला हिंदीचे चार शब्द. कुडपणच्या माळावर मोबाइलला रेंज मिळाली तर मुलाला अर्थ विचारायचा, एरवी हातवारे करायचे.

तर एका थंडीच्या सकाळी गाभण म्हैस गोठ्यातून गायब. आदल्या संध्याकाळी सुनेनं बांधलेली. झालं. शेजारच्या जाऊबाई म्हणाल्या, मुंबईहून आलेलीच्या हाती दावं दिलं की असंच व्हायचं. ह्यांनी तर बोलता बोलता म्हैस चोरांच्या टेम्पोत घालून कशेडी घाटापलीकडे पोचवलीसुद्धा. म्हणाले, मुलाला बोलवा, हिला घेऊन जाऊ दे.

सून तडक उठली. गोठ्यात जाऊन खाली बसली. दावं खुंट्यालाच होतं, गळ्याकडची गाठ अर्धी सुटून लोंबत होती. तिनं ती बोटांत फिरवून बघितली. तिची गाठ दोन पिळांची असते, ही एकाच पिळाची.

"अम्मा, ये गाँठ मेरी नहीं है."

मी बघताक्षणी ओळखली. माझीच ती. दिवेलागणीनंतर गोठ्यात डोकावले तेव्हा वाटलं, पोटुशी बाय, गळ्याला काचत असेल. म्हणून सोडून सैलसर बांधली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दारात सगळे उभे, माझी जीभच हलेना. म्हटलं, चल पोरी, शोधू.

पुरुष खाली पाण्याकडे गेले, म्हैस पाण्यालाच जाणार म्हणून. हिनं मला वरच्या अंगाला ओढलं. पोटावरून हात गोल फिरवला, मग ओढणीत तोंड लपवलं. म्हणजे व्यायला झालीय, आडोसा शोधणार. मला पटलं. वाटा माझ्या, शेणाची पारख तिची. एका पोवट्यात बोट घालून म्हणाली, ठंडा. पुढं दुसरा लागला, तर गरम.

"आधी हात धू गो, मग माझा हात धर," मी म्हटलं. तिला काय कळलं कोण जाणे, हसली आणि तसाच धरला.

करवंदीच्या जाळीमागे म्हैस उभी होती आणि पायाशी ओली पारडी. माझे डोळेच भरले. पारडीला माझ्या घोंगडीत घातलं, दोन टोकं तिनं धरली, दोन मी. म्हैस हुंगत हुंगत मागून. अंगणात शिरलो तर सगळी आळी जमलेली. पारडी खाली ठेवायच्या आधीच मी बोलले.

"गाठ तिची नव्हती. मी सोडून परत बांधली. चूक माझी हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. म्हणाले, मुलाला कळवा, न्यायला येऊ नको, खरवस खायला ये.

चिकाची पहिली वाटी जाऊबाईंकडे सुनेनंच नेली, मान वर करून. मी मागेच होते. जाऊबाई वाटी घेऊन घुटमळल्या, मग हळूच विचारलं, ती दोन पिळांची गाठ मला दाखवशील का गो?

सून पायरीवर ऐसपैस बसली आणि चक्क आमच्या बोलीत म्हणाली, "दावं हाय का?"