दोन बोटांचं माप

२०१९ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि दातिवऱ्यात माझ्यासारखं जाळं विणणारा दुसरा कुणी नव्हता. हे मलाच सांगावं लागतं, सांगणारे बाकीचे गेले.

जाळ्याचा प्रत्येक डोळा सारखा यावा म्हणून लोक बांबूची पट्टी धरतात. दोरी पट्टीवरून घ्यायची नि गाठ मारायची. मी पट्टी कधी धरली नाही. डाव्या हाताची दोन बोटं, हीच माझी पट्टी. बापसानं तसंच शिकवलं. शाळा तिसरीत सुटली, पण डोळा कधी चुकला नाही.

त्या वर्षी पोराच्या नव्या होडीसाठी जाळं विणत होतो. त्याचा एक पदर, म्हणजे अर्धा भाग, उन्हाळ्यात झाला, दुसरा पावसात. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे उरले, तेव्हा जोडायला म्हणून दोन्ही ओटीवर पसरले. पावसातला पदर हातभर लांब निघाला!

डोळे मोजायचं काम माझ्या म्हातारीचं. म्हणालो, "मोजताना चुकलीस तू."

"ह्या घरात मीच चुकते. तुमी कवा चुकलाव?"

सून आमची देशावरची. बोईसरच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करते. कामावरून आली ती चहा न घेताच खाली बसली. दोन्ही पदरांचे डोळे मोजले. सारखेच. मग दोन्हींतले दहा-दहा डोळे ताणून शेजारी धरले. पावसातले बोटभर पुढे गेले.

"बाबा, एका डोळ्यात दोरीच्या जाडीएवढा फरक आहे. एकात दिसत नाही, दहात दिसतो."

"तुझ्या कंपनीतलं लोखंड नाय हे!" मी ओरडलो. "पन्नास वर्सं ह्याच बोटांनी..."

"त्याच बोटांकडं बगा की," म्हातारी म्हणाली. "आषाढ लागला तवा अंगठी अडकली, ती साबण लावून कोणी काडली? सुजलीत ती. तवा बोलले तर अंगावर आलाव."

पोरगा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाबा. पालघरवरनं तयार जाळं आणतो."

मायेनंच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. आमच्या होडीवर आज्यापासून घरचंच जाळं चढलेलं.

जेवताना सुनेनं सुक्या बोंबलाच्या कालवणातले चांगले तुकडे माझ्याच ताटात वाढले. मी रागातच खाल्ले. खाता खाता बापूस आठवला. नवं जाळं धरण्याआधी तो जुनं जाळं मांडीवर घ्यायचा, त्याच्या डोळ्यांत दोन बोटं घालून बघायचा. मला वाटायचं, म्हातारा जाळ्याचे लाड करतोय. तो बोटं तपासत होता! मी बोटं तेवढी उचलली, तपासणं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसातला पदर उसवायला काढला. परसातला बांबू चिरून उन्हाळ्यातल्या डोळ्याच्या मापाची पट्टी केली. सून सफाळ्याला गाडी पकडायला निघाली होती, रिक्षा दारात उभी. तिला थांबवलं, पट्टी हातात दिली.

"मोज."

तिनं पट्टी उन्हाळ्यातल्या पदराच्या डोळ्यात घालून बघितली, फिरवून पुन्हा बघितली. "किंचित रुंद आहे, बाबा."

"जा तू, गाडी चुकंल," म्हणालो, आणि फुटकी काच घेऊन पट्टी तासायला बसलो.