चित्राखालची अक्षरं

देवधरबाईंनी मला वाचवलं. आधी त्यांचं नाव लिहिते, काय झालं ते मागाहून.

डोंबिवलीत मी ज्या फ्रेमच्या दुकानात काम करते, त्याच्या वरच्याच मजल्यावर बाई राहायच्या. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. घरी जुने कागद दुरुस्त करायच्या, चष्म्यावर आणखी एक चष्मा लावून. मी हिंगोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली. कोणी आवाज चढवला की सांगेल ते करून मोकळी होते.

ठाण्याच्या एका संग्राहकांनी अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी छापचित्र फ्रेमला दिलं. लाल कोटातला शिपाई लढाईला निघालाय, बायको गळ्यात पडलीय, पोर तलवारीला लोंबकळतंय. तयार फ्रेममध्ये ते बसेना. मालक म्हणाला, "खालची अक्षरं उडव." मी ती पट्टी कापून काढली. संग्राहक आले आणि बघून पांढरेच पडले. मालकाने माझ्याकडे बोट केलं.

"मी कुठे सांगितलं? आठवी नापास, हिला काय कळतंय! ए, उद्यापासून येऊ नकोस."

मी नापास झाले नव्हते. ते मी अजून विसरलेले नाही.

जिन्यात रडत बसलेले, तर वरून बाई म्हणाल्या, "रडणं नंतर. कापलेला तुकडा कुठाय?" डब्याच्या पिशवीत होता. कापलेलं काही फेकायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी संग्राहकांकडून चित्र मागून घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "तू कापलंस, तूच जोड."

गव्हाची खळ, पातळ कागद, तीन दिवस. मी अडले की बाई चित्रातल्यांना बोलायच्या. "हिचा रुमाल बघ, इस्त्रीचा! लढाईला चाललाय की फोटो काढायला? गाव सोडताना तुझी आई पडली होती का गं अशी गळ्यात?"

"नाही. भाकरी बांधून दिली आणि आत गेली. बाहेर आलीच नाही."

"हां. तो खरा निरोप."

मग बाईंनी जोडलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "डावीकडे चित्र काढणारा, उजवीकडे ते छापायला तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा. ज्याचं काम, त्याचं नाव. आपणही तसंच करू." मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी मला लिहायला लावलं. डावीकडे 'कापायला लावलं' आणि मालकाचं पूर्ण नाव. उजवीकडे 'जोडलं' आणि माझं.

संग्राहक चित्र आणि मला घेऊन दुकानात आले. म्हणाले, फ्रेम इथेच, हिच्याच हातून. मागे दुकानाचं लेबल लावताना मालकाने ते वाचलं.

"हे खोडतो हां, साहेब."

"राहू द्या. चित्राचा इतिहास आहे तो."

मालकाचे कान शिपायाच्या कोटासारखे लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कामाला, मुद्दाम त्याच्या डोळ्यांसमोर बसते.

पुढे बाईंची नजर गेली. मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन निघाली तेव्हा रिक्षापाशी अख्खी बिल्डिंग डोळे पुसत होती. "आत व्हा गं, मी काय लढाईला चाललेय?" मी भाकरी-चटणीचं पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि दुकानात निघून आले.

पुठ्ठ्यावर त्यांचं नाव लिहायचं मात्र राहून गेलं. "माझं कशाला?" म्हणाल्या होत्या.

बाई, एक दिवस माझं स्वतःचं दुकान होईल, ह्या मालकाच्या बरोब्बर समोर. पाटीवर डावीकडे तुमचं नाव असेल, माझं उजवीकडे. रोज शटर उघडताना त्याला ते वाचावं लागेल.