दादाला कुठली चेलो आवडायची
मेणबत्ती विझल्याचा वास आला की शहापूरच्या घरातली ती दुपार आठवते. दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं जेवून गेली होती आणि त्याच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या नुकत्याच विझल्या होत्या. त्याचं आवडतं संगीत लावावं म्हणून वहिनीने त्याचा फोन काढला. चेलो या भारदस्त आवाजाच्या तंतुवाद्याची एकच विलायती रचना दादा निरनिराळ्या वादकांकडून ऐकायचा. वहिनीने एका बाईचं संथ वादन लावलं. "हेच त्यांचं आवडतं," ती म्हणाली. मी गोंधळलो. मला तर त्याने एका म्हाताऱ्याचं धसमुसळं वादन ऐकवून "याच्यापुढे बाकी सगळे फिके" असं सांगितलं होतं. मी ते लावलं, तशी वहिनीचा चेहरा उतरला. "हे घरात कधीच लावलं नाय त्यांनी." शेवटी आम्ही आईला विचारलं. "मला तं म्हनायचा गो, आवडत नाय, झोप लागते म्हनून लावतो," आई म्हणाली. मग वहिनीने दोन्ही वादनं लावली आणि आम्ही तिघं चटईवर बसून ऐकत राहिलो. दादा नेमकं कोणाला खरं सांगत होता, ते मला कळलंच नाही. हल्ली माझी मुलगी फोनवर गाणी लावता लावता विचारते, "बाबा, तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?" तेव्हा तिने जे लावलेलं असेल, तेच माझ्या तोंडून निघतं.