मावशीनं नोकरी सोडली नव्हती

माझी मावशी सतरा वर्षं शर्टांना काजं पाडत होती. बटण ज्या फटीतून जातं ते काज. त्याचं मशीन आधी फटीभोवती टाके घालतं आणि मग मधोमध पातं पडतं. कापड केसभर सरकलं तर शिवून तयार झालेला शर्ट वाया जातो. म्हणून त्या मशीनवर सहसा कुणाला बसवत नसत. कारखान्यात तिचं नावच 'काजवाली' पडलं होतं.

ती आमच्याकडेच राहायची. दोन खोल्या आणि आम्ही तिघी: आई, मी आणि मावशी. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाहीस असं विचारलं, की म्हणायची, "राहून गेलं." घरात छत्री विसरावी तसं.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मावशीनं पंधरा दिवसांची रजा काढली. आई घरी आली आणि चौथ्या दिवशी टाके उसवले. पुन्हा हॉस्पिटल. रजा संपायच्या आदल्या दिवशी मावशीनं हॉस्पिटलच्या पायरीवर बसून अर्ज लिहिला, की आणखी बारा दिवस रजा हवी, आणि तो पोस्टानं पोचपावतीसह पाठवला. पोचपावती सही होऊन परतही आली. कारखान्याकडून उत्तर मात्र आलं नाही. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असं तिनं धरलं.

तेराव्या दिवशी ती कामावर गेली, तर गेटवर वॉचमननं तिचं कार्ड काढून घेतलं आणि हातात एक लिफाफा दिला. बिचारा तिच्याकडे बघतही नव्हता. आत एकच परिच्छेद होता: आपण विनापरवानगी गैरहजर राहिल्यामुळे आपण स्वतःहून नोकरी सोडली आहे असे समजण्यात येत आहे.

आईला कळलं तशी ती रडायला लागली. "माझ्यापायी झालं हे सगळं."

"ताई, रडू नकोस, पोटावर ताण येतो," मावशी म्हणाली. मग ते पत्र तिनं पुन्हा वाचलं. ती सातवी शिकलेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. "'स्वतःहून' म्हणे! मला काढलं म्हणाले असते तर समजले असते. पण मी सोडली असं मी कुणाला म्हटलंय?"

संध्याकाळी मामा आला. मामा स्वभावानं घाबरट, पण आव शहाण्याचा. "अगं, कारखान्यांना काय तोटा आहे? जो काही हिशोब देतील तो घे आणि दुसरीकडे चिकट. त्यांच्याशी कोण डोकं लावणार?"

"मी लावीन," मावशी म्हणाली. "मला एवढंच बघायचंय, की असं समजता येतं का. त्यांना वाटलं म्हणून समजले, असं असतं का?"

दुसऱ्या दिवशी ती कामगार कार्यालयात गेली आणि नियमांचं पुस्तक घेऊन आली. बारीक अक्षर, पिवळट कागद, आणि वाक्यं अशी लांबलचक, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. मी वाचायचं, तिनं ऐकायचं, आईनं पलंगावरून मधेमधे हुं म्हणायचं, असं रोज दिवेलागणीला सुरू झालं. पहिल्या दिवशी आम्ही दीड पान वाचलं आणि तिघींचीही डोकी दुखली.

रजेच्या प्रकरणात आजारपणाची रजा सापडली. स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या आजारपणासाठी. मी उत्साहानं पुढे वाचलं: कुटुंबीय म्हणजे पती अथवा पत्नी, अपत्ये आणि आईवडील.

मी थांबले. तिचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"बहीण?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"भाची?"

"नाही गं."

"म्हणजे या पुस्तकाच्या मते मला कुणीच नाही," ती म्हणाली, आणि उठून आईच्या औषधाची बाटली हलवायला लागली. ती बाटली तिनं गरजेपेक्षा खूपच जास्त वेळ हलवली. मग मागे न वळताच म्हणाली, "पुढे वाच."

पुढे हक्काची रजा होती. काम करून साठते ती. तिच्यासाठी कारण सांगावं लागत नाही. ती वाढवायची असेल तर संपण्याआधी लेखी मागायची आणि त्या काळात आपण कुठे असू तो पत्ता द्यायचा. मालकानं होय किंवा नाही, लेखी कळवायचं. मावशीच्या खात्यात एकतीस दिवस शिल्लक होते, म्हणजे पंधरा आणि बारा त्यात आरामात बसत होते. पण लगेच पुढचं कलम आलं: मंजूर रजा संपल्यावर दहा दिवसांत कामगार परतला नाही, तर त्याने नोकरी सोडली असे समजता येईल.

"संपलं," आई म्हणाली. "मिटव ते पुस्तक."

"पान उलट," मावशी म्हणाली.

मागच्या बाजूला सगळ्यात वर लिहिलं होतं: परंतु, कामगाराला खुलासा करण्याची संधी दिल्याशिवाय असे समजता येणार नाही. त्या पुस्तकातल्या प्रत्येक 'परंतु'ची तोवर मला धास्तीच बसली होती, कारण आधी दिलेलं सगळं तो काढून घ्यायचा. हा पहिलाच आमच्या बाजूचा निघाला. मावशीनं मला ते वाक्य सहा वेळा वाचायला लावलं. सातव्यांदा तिनं ते स्वतः पाठ म्हटलं.

त्यानंतर ती रोज सकाळी कामाच्या वेळेला गेटवर जाऊन उभी राहायची. अर्धा तास. वॉचमननं एकदा स्टूल आणून दिलं. ती बसली नाही. "बसले तर भेटायला आल्यासारखी दिसेन," ती म्हणाली. "मी कामावर आलेय."

आठवड्यानं ऑफिसातल्या साहेबांनी आत बोलावलं. मीही सोबत गेले. साहेब वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. "इथे सही करा, मावशी. आजच्या आज सगळा हिशोब हातात देतो. वर अनुभवाचा दाखलाही देतो."

"मी राजीनामा कशाला देऊ?"

"अहो, बहीण कुटुंबात येत नाही. नियम आहे तसा."

"तो आजारपणाच्या रजेचा नियम, साहेब. मी हक्काची रजा मागितली होती. तिथे कारण सांगावंच लागत नाही. मी सांगितलं, तो माझा चांगुलपणा." तिनं कागद परत सरकवला. "तुम्ही मला खुलासा कधी विचारलात, ते सांगा."

साहेबांचा आवाज जरा कोरडा झाला. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"भाचीनं वाचलं, मी ऐकलं."

प्रकरण कामगार कार्यालयात गेलं. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. त्या रुमाल नाकाला लावूनच कागद चाळत होत्या. कारखान्याचा वकील म्हणाला, अर्ज मिळालाच नाही. मावशीनं पोचपावती काढली. कारखान्याचा शिक्का, कारकुनाची सही. वकिलानं पाण्याचा घोट घेतला आणि अर्जाची प्रत मागितली. ती वाचून त्याचा चेहरा खुलला. "यात पत्ता कुठाय? आम्ही कळवणार कुठे?"

 पत्त्याचं कलम मीच तर तिला वाचून दाखवलं होतं, पण अर्ज त्याच्या कितीतरी आधी गेला होता. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून कोण पत्ता लिहितं?

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पत्ता द्यायला हवा होता."

"हो बाई, चुकलं माझं," मावशी म्हणाली. "पण सतरा वर्षं माझ्या घराचा पत्ता त्यांच्या रजिस्टरात आहे. आणि माझं चुकलं असेल तर मला विचारायचं. न विचारता माझ्याच तोंडी 'सोडली' कसं घालतात?"

अधिकारी बाईंनी रुमालात नाक शिंकरलं. मग वकिलाकडे वळल्या. "खुलाशाची नोटीस दाखवा." नोटीस नव्हतीच, तो काय दाखवणार.

निकाल यायला तीन महिने गेले. तेवढे दिवस मी एका दुकानात पावत्या फाडल्या आणि मावशीनं घरी लोकांचे कपडे उसवून-दुरुस्त करून दिले. निकालात तिला कामावर परत घ्यायला सांगितलं. मधल्या काळाचा पगार अर्धाच मिळाला, पत्त्याची चूक तिच्या माथी आली. "अर्धी चूक, अर्धा पगार. ठीक आहे," ती म्हणाली, पण तोंड वाकडं करून.

काजाचं मशीन काही मिळालं नाही. तिथे दुसरी मुलगी बसली होती. मावशीला सुटे धागे कापायच्या टेबलाला लावलं, जिथे नव्या पोरींना लावतात. तिनं मला पुस्तक पुन्हा उघडायला लावलं. आम्ही दोन संध्याकाळी शोधलं. पगार तोच असेल तर काम बदलायला हरकत नव्हती.

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि सात महिने धागे कापले. एकदाही कुरकुरली नाही म्हणणं खोटं ठरेल, घरी ती भरपूर कुरकुरायची. पुढे घाईची ऑर्डर आली, त्या मुलीकडून एका दिवसात चाळीस शर्ट खराब झाले, आणि मावशी मशीनवर परतली.

दरम्यान जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती बसायला लागल्या. कुणाला बाळंतपणाची रजा नाकारलेली, कुणाचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतलेला. ती आधी एकच विचारायची, "दुसरी प्रत ठेवलीस? शिक्का आहे?" नसला तर ओरडायची.

इस्त्री करणारी एक मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. तिनं मावशीला विनवलं, की बाळंतपणाच्या रजेबद्दल साहेबांशी तूच बोल. मावशीनं तिला चार दिवस दुपारी ते कलम पाठ करायला लावलं. पाचव्या दिवशी तिला ऑफिसच्या दारापर्यंत नेलं.

"मी येते, पण बोलायचं तूच," मावशी म्हणाली. "अडखळलीस तर अडखळ. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर."

दोघी आत गेल्या, आणि मुलगी दोनदा अडखळली. तिसऱ्या वेळी तिनं सगळं नीट, शेवटापर्यंत सांगितलं.