गिंडीचं स्थळ आणि हेल्गाबाई

चेन्नईला मी हौसेने गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. मार्च सुरू झाला होता आणि मला घरी पंख्याखाली आडवं पडून राहायचं होतं. पण पुण्यातलं काम आटोपून मायदेशी परतण्याआधी आमच्या जर्मन तज्ज्ञ हेल्गाबाईंकडे तीन आठवडे मोकळे उरले होते, आणि त्या तीन आठवड्यांवर दोन संस्था डोळा ठेवून होत्या. पुण्याहून चेन्नई त्यातल्या त्यात सोपं, म्हणून आधी तिथे जाऊन बघते आणि मग ठरवते, असं बाई म्हणाल्या. त्यांना घेऊन जायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

हे परदेशी तज्ज्ञ येतात कसे, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. आमची संस्था स्थळं जुळवते, बाकी काही नाही. एका बाजूला जन्मभर एकच काम केलेली, निवृत्त झालेली आणि घरी करमत नसलेली माणसं. दुसऱ्या बाजूला छोटे कारखाने, दवाखाने, शाळा. आपलं काय अडलंय ते संस्थेने कळवायचं, आम्ही यादीतून माणूस शोधायचा. दोघांनी होकार दिला की विमानाचं तिकीट आमचं. राहणं, जेवण आणि गावातलं फिरणं यजमानांचं. तज्ज्ञ मानधन घेत नाहीत. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात यजमान कळवतात की सगळंच सुधारायचंय, आणि तज्ज्ञाला एकच गोष्ट येत असते.

हेल्गाबाईंना रबर येतं. उभा जन्म जर्मनीतल्या रबराच्या कारखान्यांत गेला. आमच्या यादीत रबरवाल्या त्या एकट्याच. चेन्नईत गिंडीला प्रभावती राव यांची कृत्रिम पाय बनवणारी छोटी संस्था आहे, आणि दुसरं स्थळ होतं नेपाळमधल्या एका डोंगराळ गावातल्या हॉस्पिटलचं. दोघांचं दुखणं एकच: रबरी पाऊल वर्षाच्या आत बोटांपाशी तडकतं. बाई ज्यांना नाही म्हणतील, त्यांना पुढचा रबरवाला कधी मिळेल हे मला सांगता आलं नसतं.

बाईंना रेल्वेच हवी होती, म्हणून अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस गाडीत. जाणार असाल तर एसीचं तिकीट काढा आणि जेवण घरून घ्या. गुलबर्ग्यानंतर जे ताट आलं त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाई खिडकीशी ताठ बसून होत्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, पण थकायची जबाबदारी बहुधा माझ्यावरच सोपवलेली. चेन्नईत नुंगंबाक्कम भागात हॉटेल घेतलं होतं. स्वच्छ, साधं, खाली कॉफी फक्कड. रिक्षावाल्यांशी घासाघीस करायचं त्राण नसेल तर ॲपवरून रिक्षा बोलवा. मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोंगल खाऊन गिंडीला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या एका गल्लीत संस्था आहे. दारात हातभर मोठी रांगोळी, हार, नारळपाणी. प्रभावतीबाई साठीच्या, तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी ऐकून मला आजीच्या आजीला भेटल्यासारखं झालं. "या, बसा. प्रवास बरा जाहला ना?" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला, आणि पुढच्याच वाक्यात आतल्या बाईला तमिळमधून कॉफी आणायला सांगितली. मला त्या अक्का म्हणाल्या, मीही त्यांना अक्काच म्हणू लागले.

कार्यशाळा लखलखीत होती. भिंतींना नवा रंग, कामगारांचे कोरे गणवेश, फळीवर चकचकीत पावलांची रांग. फक्त रबर भाजायची भट्टी बंद होती, कारण पाहुण्यांना उकडलं असतं. हेल्गाबाईंनी तडकलेली पावलं कुठे आहेत असं विचारलं. आता तसं फार होत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा जेवणाची पानं मांडली गेली. जेवण मात्र अप्रतिम. सांबाराचा शोध आमच्याच तंजावरात लागला, हे सांगून झालं; मग पायसम आलं आणि तडे मागे पडले.

मला काय चाललंय ते कळत होतं. हा मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम होता. मुलीच्या पायातला दोष कोणी पहिल्याच भेटीत सांगतं का? इतक्या वर्षांत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की चिडायचीही ताकद उरलेली नाही.

दुपारी हॉटेलवर हेल्गाबाई शांतपणे म्हणाल्या, "ही माणसं चांगलं काम करतात. त्यांना माझी गरज नाही. मी नेपाळला जाते." मी म्हटलं की त्यांनीच तक्रार कळवली होती. त्यावर बाई म्हणाल्या की ऐकीव तड्यावर त्या काम करत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, एवढंच मी त्यांच्याकडून मिळवलं. खरं तर तेवढंही करायची गरज नव्हती. माझं काम बाईंना आणायचं आणि त्यांचा निर्णय दोन्हीकडे कळवायचा. मध्ये पडायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

संध्याकाळी प्रभावतीबाई मला टी. नगरला घेऊन गेल्या. बाईंना रेशमी साडी द्यायची होती. टी. नगरला संध्याकाळी जाऊ नका, मी तुम्हाला कळकळीने सांगते. गर्दी तुम्हाला एका दुकानातून उचलते आणि दुसऱ्यात ठेवते. सात-आठ साड्यांनंतर माझे पाय बोलायला लागले आणि मी दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. शेजारी अक्का बसल्या, मांडीवर साडीची पिशवी. कितीतरी वेळ त्या हेल्गाबाई कॉफी कशी घेतात ते विचारत राहिल्या. शेवटी मला राहवलं नाही.

"अक्का, बाई नेपाळला निघाल्यात. तुमच्याकडे त्यांना बिघडलेलं काही दिसलंच नाही."

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "आमच्यांत पाहुण्यांपुढें मोडकें ठेवीत नाहींत. आणि इतकें वाईट काम पाहून त्या आल्या पावलीं परत जातील, असें वाटलें."

मी सांगितलं की या बाई मोडक्यासाठीच आल्या आहेत, चांगलं बघायला आलेल्याच नाहीत. त्यांनी साडीची पिशवी उचलली आणि आम्ही रिक्षाने परतलो.

सकाळी त्यांचा फोन आला: न्याहारी आमच्या घरी. घर गिंडीपासून जवळच. इडलीचं नावही न काढता त्या आम्हाला थेट मागच्या खोलीकडे घेऊन गेल्या आणि कुलूप उघडलं. आत गुडघ्याएवढा ढीग होता. पावलं. मोठ्यांची, बायकांची, लहान मुलांची, सगळी बोटांपाशी फाटलेली. लोकांनी परत आणलेलं एकही त्यांनी टाकलं नव्हतं.

"मनुष्यांचे पाय आहेत ते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कुप्पैंत कसे टाकूं?" कुप्पै म्हणजे कचरा. मी हेल्गाबाईंना ते इंग्रजीत सांगितलं.

हेल्गाबाई जमिनीवर बसल्या. एक पाऊल उचललं, वाकवलं, वास घेतला, तड्यात नख घातलं. मग दुसरं, मग तिसरं. काही वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि रबर बहुतेक जास्त भाजलं जातंय, पण भट्टी चालू असताना बघितल्याशिवाय सांगणार नाही, असं म्हणाल्या. भट्टी आजच पेटवा. साडी नंतर बघू. पुण्यात इतके दिवस सोबत असून मी त्यांना प्रथमच खूश बघत होते. नेपाळचं काय, असं मी विचारलं. त्यांच्या हातात एका लहान मुलाचं पाऊल होतं. "हे हातात आलंय," त्या म्हणाल्या. "आता खाली कसं ठेवू?"

मी एकटी परतले. गाडीत वरचा बर्थ मिळाला आणि बाजूच्याचं घोरणं ऐकत पडून राहिले. मनातून मात्र बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर नेपाळला नकार कळवायचं काम माझंच होतं. पत्र लिहिण्याआधी त्यांचा अर्ज पुन्हा उघडला. त्यांनी पहिल्याच दिवशी फोटो पाठवले होते: अंगणात ओळीने मांडलेली तडकलेली पावलं, प्रत्येकाखाली ते कोणाचं होतं त्याचं नाव. त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. फक्त त्यांच्यासाठी कोणी पायरीवर बसून बोललं नाही.

त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आभार मानले होते, राग कुठेच नव्हता. शेवटी विचारलं होतं, रबराचं जाणणारं दुसरं कोणी आहे का? मी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. कोणी नाही. हे त्यांना कळवायचंय, आणि आठवडा झाला तरी मी लिहिलेलं नाही.