रंगूबाईने उचललेला कांदा

खंडेराव शेठच्या लासलगावच्या खळ्यावर रंगूबाई वीस वर्षं कांदा निवडत होती. ढिगासमोर ओळीने बसायचं, मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, आणि सडका दिसला की लांब भिरकावायचा. तो राहिला तर दिल्लीला पोचेपर्यंत अख्खी गोणी नासायची. ओळीत बाया चाळीस, आणि ओळीच्या तोंडाशी रंगूबाई. तिने पहिला कांदा उचलल्याशिवाय बाकी कुणी ढिगाला हात लावायचा नाही, असा खळ्याचा रिवाज होता. तिच्याआधी त्या जागेवर भागुबाई बसायची, म्हणजे खुद्द शेठची आई. शेठ याच धुळीत रांगला होता, त्यामुळे बायांना काय दुखतं आणि कुठे दाबलं की त्या गप्प होतात, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

रंगूबाई बौद्धवाड्यातली. तिच्या शेजारी बसणारी झुंबरबाई माळ्यांची, साठी उलटलेली, एका डोळ्यात फूल पडलेली. ओळ एकच होती, पाण्याचे माठ मात्र दोन. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं, हेच खरं वाईट.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रंगूबाईच्या डोक्यात एक गोष्ट बसली. चार वर्षांत शेठचा दुमजली बंगला झाला, दोन ट्रक आले, हमालांनी एकी करून हमाली वाढवून घेतली. बायांचा रोज तेवढा तीन रुपयांवर खिळलेला. तिने आठ दिवस पाण्याच्या सुट्टीत एकेकीला गाठलं. "चार मागायचे. वॅगन लागंल त्याच दिवशी मागायचे. एरवी मागितले तर हसंल तो."

वॅगन मंगळवारी लागली. संध्याकाळपर्यंत ती भरली नाही तर रेल्वे दंड लावणार आणि दिल्लीचा व्यापारी तोंडाला येईल ते बोलणार. सकाळी बाया आल्या, ओळीत बसल्या. रंगूबाईने हात मांडीवर ठेवले. चाळीस जणींचे हात मांडीवर राहिले. मुनीम आधी ओरडला, मग विनवायला लागला, मग शेठला बोलवायला पळाला.

शेठ आला तो सायकलवरून, धोतर सावरत. ओरडला नाही. ढिगाच्या कडेला एक गोणी अंथरून बायांसारखाच बसला.

"काय पाहिजे, रंगूबाई?"

"चार रुपये, शेठ. समद्यांना."

"देतो," शेठ म्हणाला.

ओळीतून कुजबुज गेली. रंगूबाईने हात मांडीवरून हलवले नाहीत, कारण हे फारच लवकर झालं होतं.

"पण दिल्लीचा व्यापारी मला दोन पैसे जास्त देत नाय," शेठ पुढे म्हणाला. "त्याच्या दराला मी नाय म्हटलं तर तो पिंपळगावातून माल उचलंल. मंग चार रुपयांनी चाळीस बाया मला परवडत नाय. पंचवीस ठेवतो. कोण पंचवीस ते मी सांगणार नाय, माझ्यावर बोल नको. तूच सांग, तुला समद्यांचे हात म्हायती."

तो उठला आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

त्यानंतरचे दोन तास रंगूबाई जन्मात विसरली नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पोटुशी नवसाबाई पदर पुढे ओढून बसली. वडाराच्या दोघी एकमेकींना चिकटल्या. कुणीतरी हलकेच म्हणालं, "आता दिसत नाय तिनं घरी बसावं की." झुंबरबाईने ऐकलं आणि चांगला डोळा ढिगावर रोखून धरला, जणू इथूनच सगळे कांदे पारखून दाखवते. सकाळी एका जिवाच्या असलेल्या बाया दुपारी चाळीस जणी झाल्या होत्या. रंगूबाईला शेठचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिनेही मनातल्या मनात नावं काढायला सुरुवात केली होती. पंधराव्या नावावर ती थांबली.

ऊन चढलं. डोक्यावरचा पत्रा तापला. ढिगातून कुबट वास यायला लागला. रंगूबाईच्या गुडघ्याजवळ एक कांदा पाझरत होता, त्याचं पाणी खालच्या तीन चांगल्या कांद्यांवर उतरत होतं. ती विचारात होती. हात विचारात नव्हता. त्याने वीस वर्षं जे केलं तेच केलं, सडका कांदा उचलला आणि लांब भिरकावला.

खळ्यावर सरसर आवाज झाला. एकोणचाळीस जणींचे हात ढिगात गेले होते.

"थांबा," रंगूबाई म्हणाली, "मी काय..." पण तिचं कुणी ऐकत नव्हतं, किंवा कुणाला ऐकायचं नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली. कांदे टपाटप पडत होते, इतक्या वेगाने की पूर्वी कधी पडले नव्हते. तेव्हा तिला कळलं की त्या केव्हापासून या एका कांद्याची वाट बघत बसल्या होत्या. शेठने हॉटेलातून पाहिलं आणि दुसरा चहा मागवला. वॅगन वेळेत भरली.

संध्याकाळी काही जणी तिला न बोलताच गेल्या. शेठने हिला फोडली, असं दोन दिवसांत गावभर झालं. झुंबरबाई मात्र फाटकाशी थांबली होती.

"बरं केलं उचलला," ती म्हणाली. "नायतर आजच घरी बसवलं असतं मला. सून काय भाकर देती व्हय?"

"चुकून झालं, मावशी."

"चुकून का असंना."

रंगूबाईने ते वाक्य उराशी धरलं. लोक काही म्हणोत, आपल्या हाताने एक म्हातारी वाचली, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि त्या जोरावर तिने तीन उन्हाळे काढले.

एक्याऐंशीत पिंपळगावच्या खळ्यांवर रोज वाढला, तसा शेठनेही न मागता चार रुपये केला. त्याच सकाळी मुनीम फाटकात उभा राहिला आणि पंधरा बायांना आत घेतलं नाही. पहिली झुंबरबाई.

रंगूबाई बाहेर आली तेव्हा म्हातारी भिंतीच्या सावलीत बसून चपलेतला खडा काढत होती.

"रंगू, या खेपेला कोणाला काढायचं ते तुला इचारलं व्हतं का यानी?"

"नाय मावशी. लेकरांची शपथ. काहीच इचारलं नाय."

"मंग बरं," झुंबरबाई म्हणाली. तिने चप्पल पायात घातली, भिंतीला धरून उठली आणि रस्त्याला लागली.

रंगूबाई तशीच उभी राहिली. आपल्याला विचारलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं, याची तिला लाज वाटली. आतून मुनीम तिच्या नावाने ओरडत होता, वॅगन लागली होती. ती आत गेली.